विल्फ टॅप्सेल यांचं सिमेंट

खालच्या बाकावर वडील येऊन बसलेले दिसले तशी क्लाइव्ह टॅप्सेलने छिन्नी थांबवली. नव्वदीला टेकलेले विल्फ टोपी मांडीवर ठेवून चर्चच्या मनोऱ्याकडे बघत होते. गेले चार दिवस त्यांचा हाच कार्यक्रम होता. वर नुसती साफसफाई चाललीय, असं क्लाइव्हने त्यांना सांगून ठेवलं होतं.

साफसफाई कसली? बापाने भरलेलं सिमेंट लेक उकरून काढत होता.

मनोऱ्याचा तळ आठशे वर्षांचा. भिंती चार फूट जाड, खिडक्या जेमतेम हात जाईल एवढ्या. वरचा मजला दोनशे वर्षांनी चढला, तेव्हा गावात लोकरीचा पैसा खुळखुळत होता, म्हणून नक्षी सगळी वरच. दगड इथलाच, पिवळसर आणि मऊ. सांधे चुन्याचे. चुना पावसाचं पाणी पितो आणि वाऱ्यावर सोडून देतो. त्याच्याच जिवावर भिंत उभी होती. एकोणीसशे त्रेसष्टच्या कडाक्याच्या थंडीनंतर सांधे भुसभुशीत झाले, तेव्हा पाद्रीसाहेबांनी तरुण विल्फना बोलावलं. त्यांनी ते सिमेंटने ठासून भरले. आता शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत बघायला नको, असं विल्फ पबमध्ये साठ वर्षं सांगत आले. क्लाइव्हला गवंडीकाम शिकवलं तेही याच भिंतीपाशी उभं करून.

पण सिमेंट पाणी सोडत नाही. पाणी दगडात अडकलं, थंडीत गोठून फुगलं. सिमेंट शाबूत राहिलं आणि दगड झडले. तपासणीला आलेल्या बाईंनी तसा अहवाल दिला, तेव्हा क्लाइव्हला त्यात नवीन काही नव्हतं. त्याला वीस वर्षं कळत होतं. काम त्याने मागून घेतलं. परका गवंडी उकरताना चार शब्द बोलला असता आणि ते म्हाताऱ्याच्या कानावर गेले असते. तेवढं क्लाइव्हला सोसवलं नसतं.

तो चहा घ्यायला परांचीवरून खाली उतरला. विल्फच्या हातात सिमेंटचा एक तुकडा होता. त्यावर खिळ्याने कोरलेलं त्यांचं अर्धं नाव.

"हे साफसफाईत निघालं का रे?"

क्लाइव्ह थर्मासचं झाकण फिरवत राहिला. "बाबा, तेव्हा सगळेच सिमेंट घालत होते."

"सगळ्यांचं सोड. तुझे आजोबा नको म्हणत होते. चुना सोडून काही लावू नकोस म्हणाले. मी हसलो त्यांना."

साठ वर्षांच्या गोष्टीत आजोबा कधीच आले नव्हते.

"आतला दगड कसा आहे?"

"बरा आहे की."

विल्फ उठले, भिंतीपाशी गेले आणि उघड्या दगडावर त्यांनी अंगठा घासला. पीठ भुरभुरलं. "खोटं बोलणं काही जमत नाही तुला. आईवर गेलास." मग टोपी घालत त्यांनी विचारलं, "चुना किती मुरवलास?"

"तीन महिने."

"माझ्या बापाने वर्ष मुरवला असता," एवढं बोलून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. त्यानंतरचे पाच दिवसही.

मे महिन्याचं ऊन त्या वर्षी फार तापलं. नवा चुना झटपट वाळला तर भेगाळतो, म्हणून क्लाइव्हने भिंतीवर ओली गोणपाटं टांगली होती. मंगळवारी वाळू आणायला गेला आणि त्याला यायला दुपार झाली. गोणपाटं एव्हाना खडखडीत झाली असणार, या धास्तीने तो जवळजवळ पळतच आला.

खालची रांग चिंब होती. वाकलेल्या माणसाचा हात पोचेल तिथवर.

थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायची झारी विल्फ नळाखाली भरत होते. फुलं घेऊन आलेली एक बाई झारीसाठी ताटकळत उभी होती.

"जरा थांबा, बाई," विल्फ तिला म्हणाले. "हे वाळून चालायचं नाही."

क्लाइव्हने बादली भरली आणि तो परांची चढला. वरची गोणपाटं कोरडी होती.