पिवळ्या औषधाला दरडावणी

पिवळं औषध थेंबाथेंबानं इन्ताच्या हातात उतरत होतं, आणि उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, बुआचानला, वाटत होतं, डोंगरातलं धुकं आपल्यामागोमाग चियांग माई शहरातल्या इस्पितळाच्या या वॉर्डात शिरलंय. तेवढ्यात नवऱ्याला हुडहुडी भरली. दात वाजले, खाट हलली. याचा आत्मा भेदरून पळाला, हे तिनं ओळखलं. पळालेला आत्मा बोलावून मनगटाशी बांधायचा पांढरा दोरा तिच्या कनवटीला होताच.

"मावशी, आत्मा कुठं जात नाही," नर्स सुपिन इन्ताच्या अंगावर ब्लँकेट घालत म्हणाली. "त्याच्या रक्तात बुरशी शिरलीय. हे औषध तिच्या कातडीला भोकं पाडतं. पण म्हातारं औषध, नजर अधू. माणसालाही ओरबाडतं, म्हणून थंडी वाजते. मूत्रपिंडंही दुखावतं, म्हणून तर सारखं रक्त तपासतो."

"म्हणजे माझा नवरा कोण नि बुरशी कोण, हे त्या मेल्याला कळत नाही?"

"नीटसं नाही."

"मग सांगायला नको कुणी?"

तिनं दोरा इन्ताच्या थरथरत्या मनगटाला बांधला, घट्ट गाठ मारली आणि औषधाच्या बाटलीवर बोट रोखलं.

"नीट बघ. दोरा बांधलाय तो माझा. बाकी सगळं तुझं."