तीनशे दोन, हजर

सुकापूरच्या त्या सोसायटीत माणसांना नावं होती, पण ती दारावरच्या पाटीपुरतीच. बाकी सगळा कारभार फ्लॅटच्या नंबरावर चालायचा, त्यामुळे घारापुरीच्या सहलीला निघताना मोरा बंदरावर सेक्रेटरी भोईरांनी हजेरी घेतली तीही नंबरानंच. "तीनशे दोन?" म्हणताच अविनाशनं हात वर केला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे, विनिताकडे, कुणी पाहिलं नाही, आणि त्यात तिला नवीन असं काही वाटलं नाही.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. लाँचमध्ये अविनाश पत्ते कुटणाऱ्या घोळक्यात जाऊन बसला, आणि बेटावर उतरल्यावर तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशीही न करता मित्रांबरोबर लेण्यांच्या पायऱ्या चढून गेला. विनिताचा जीव नुसता जळत होता. धक्क्याजवळ कैऱ्या विकणाऱ्या गंगाबाईच्या शेजारी तिनं बसकण मारली आणि मनाशी ठरवलं, की परतताना आपण होऊन उठायचं नाही. हा माणूस आपल्याला शोधत येतो की नाही, ते आज एकदाचं पाहूनच घ्यायचं.

समोर रंगीत होड्या डुलत होत्या. फोटो काढावा इतकं बंदर देखणं होतं.

"यंदा बी इथंच बसलीस का गो बाय?" कैरी चिरता चिरता गंगाबाईनं विचारलं.

"मी पहिल्यांदाच आलेय, मावशी."

"मागल्या साली बी असंच बोललीस." गंगाबाईनं एक फोड पुढे केली. "घे. आंबट नाय हाय. तुला आंबट सोसत नाय ना?"

विनिताला आंबट सोसत नाही हे अजून अविनाशलासुद्धा ठाऊक नव्हतं. फोड तिच्या हातात तशीच राहिली.

पाचच्या सुमारास मंडळी खाली आली. लाँचमध्ये चढून भोईर नंबर पुकारू लागले.

"तीनशे दोन?"

"हजर!" अविनाशचा आवाज आला. यादी संपली, दोर सुटला, आणि मग मात्र विनिताचा सगळा हट्ट गळून पडला. ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली आणि तिथंच थबकली. अविनाशच्या शेजारी एक बाई बसली होती, तिच्यासारखाच मोरपंखी ड्रेस घातलेली. वाऱ्यानं उडणारी त्या बाईची ओढणी तो हसत हसत नीट करत होता. बाईनं मान वळवली. ती विनिताच होती.

"धावू नको गो," मागून गंगाबाई म्हणाली. "तुजी जागा भरली."

"अविनाश!" विनिता जीव तोडून ओरडली.

त्यानं वळून पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यानं तिच्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मग किनाऱ्यावरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला करावा तसा त्यानं मोकळेपणानं हात हलवला.