अस्तराला शेक

घाटकोपरच्या आमच्या फाउंड्रीत कुपोला म्हणजे थोरली चूल. लोखंडाचा रस वाहून गेला की आतली माती, तिचं अस्तर, झिजलेली असायची. ती नव्याने लिंपून, वाळवूनच भट्टी पुन्हा पेटायची. शहाऐंशीच्या दसऱ्यानंतर ते लिंपण पहिल्यांदाच एकट्या सहदेवच्या हाती आलं.

"टिकलं तर भट्टी तुझी," मालक नाना म्हणाले, "नाहीतर पुन्हा वाळू चाळ."

मातीकामावरच्या शेवंतीने पायांनी माती मळून दिली. मळता मळता गायली:

*माती मी मळते, हात फिरव हळूहळू*
*पोटात निखारा, बाई कशी गं सांभाळू*

सहदेवने लिंपलं, मंद जाळावर दिवसभर सुकवलं. माती पांढुरकी, खडखडीत झाली.

सकाळी नाना पूजेला आले. गणपतीचं नाव घेतलं आणि नारळ आपटला तो नेमका पन्हळीच्या कडेवर, रस जिथून बाहेर पडतो तिथे. घटघट पाणी मातीत मुरलं.

सहदेवचं तोंड उतरलं. "नाना, आता पेटवू नका."

"का रे?"

"पन्हळ ओली झाली. ओल्या मातीवरून रस गेला तर वाफ धरते, माती उडते. रस अंगावर येईल."

"यार, देवाचं पाणी आहे ते!" साचेवाला नंदू हसला.

"रसाला काय ठाऊक, कोणाचं ते?"

नानांच्या मिशा थरथरल्या. मग शेवंती म्हणाली, "नानानू, बाळंतणीच्या खाटेर कोण पाणी ओतता? आता शेक देऊक व्हयो."

नानांना हसूच फुटलं. "बरं बाई! माझीच चूक. आणा निखारे!"

पन्हळीत निखारे पसरले. सहदेव पुठ्ठ्याने वारा घालत बसला. ओलीचा काळा डाग लुगड्याच्या काठासारखा आक्रसत गेला. त्याच निखाऱ्यांवर नंदूने खोबरं भाजलं. सगळ्यांनी खाल्लं, नानांनी दोनदा.

डाग गेला, भट्टी पेटली. दुपार कलताना सहदेवने भट्टीचं तोंड फोडलं. सगळे मागे सरले, तो नाही. रस आला, पिवळाधमक, आणि पन्हळीतून गाईच्या धारेसारखा मुकाट उतरला. एक ठिणगीही वाकडी उडाली नाही.

भट्टी निवल्यावर सहदेव बॅटरी घेऊन आत शिरला. अस्तर जागच्या जागी होतं, वर काचेसारखी काळी झिलई.

"झकास!" तो आतूनच ओरडला.

तो बाहेर आला तेव्हा नाना पुढच्या पूजेचा नारळ घेऊन उभे होते.

"घे. यापुढे भट्टीवाल्यानेच फोडायचा."

सहदेवने नारळ कपाळाला लावला आणि फोडायची जागा दाखवायला नानांना पार फाटकापर्यंत घेऊन गेला.