जवळचा शॉट

तिने लेकीला, ठकीला, कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने दोरीवरचा लंगोट ओढून खांद्यावर टाकला. अजून तीनचार वाळत होते.

"तेही काढा ना, वहिनी," धाकटी जाऊ मोबाइलवर व्हिडिओ घेता घेता म्हणाली. "नाहीतर लोक विचारतील, लेगस्पिनर आहे की धोबी?"

जाऊचा नवरा, बारक्या, खो खो हसला. ताडमाड वाढला, दारातून आत येताना मान वाकवायला लागली, तरी घरात तो बारक्याच राहिला होता.

"आणि जरा सरकून बसा हं. तुम्ही मध्ये येताय."

ती सरकली. ओल्या लंगोटांनी ब्लाउजची बाही भिजली. मागच्या पायरीवर, भिंतीला चिकटून ती बसली आणि ठकीला मांडीवर घेतलं.

घरामागची ही सिमेंटची पट्टी तिच्या नवऱ्याने स्वतः घमेल्यात सिमेंट कालवून घातली होती, तिचं लग्न व्हायच्या आधी. याच पट्टीवर त्याने धाकट्या भावाची बोटं चेंडूच्या शिवणीवर एकेक करून बसवली होती. यंदाच्या लिलावात एका संघाने बारक्याला घेतलं. नवऱ्यालाही फोन आला, दर सीझनला येतो तसाच, नेटमध्ये फलंदाजांना सराव द्यायला. या वेळी तो आला बारक्याचा पहिला सामना ज्यांच्याशी होता त्या संघाकडून.

"तुम्ही तुमच्या भावासारखी लेगस्पिन टाकता असं कळलं," पलीकडचा माणूस म्हणाला होता. फोन स्पीकरवर होता. "आमच्या पोरांना तेवढीच सवय व्हायला हवीय."

"हो हो, अगदी तशीच," नवरा म्हणाला होता, आणि फोन ठेवून हसत चहा मागितला होता. तिने कप इतक्या जोरात ठेवला की बशीत सांडला. भावासारखी म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर एक वेळ भांडता तरी आलं असतं. इथे कुणी काही चोरलंच नव्हतं.

पट्टीवर बारक्या धावत आला. चेंडू पडला, वळला, आणि विकेटमागे ओणव्या बसलेल्या नवऱ्याने तो अलगद झेलला.

"वा रे पठ्ठ्या!"

ठकी रडायच्या आधी डाव्या पायाचा अंगठा वाकवते, हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, इतकं बघत बसू नका, तुम्हीच आजारी पडाल. पण बघायची सवय एकदा लागली की ती माणसापुरती थांबत नाही. म्हणूनच तिला ते दिसलं असावं.

बारक्या तोंड उघडं टाकून धावायचा, पहिल्यापासूनच. मध्येच एखाद्या चेंडूला मात्र त्याचे ओठ घट्ट मिटायचे. आणि तोच चेंडू उलटा वळायचा. गुगली.

तिने पुन्हा पाहिलं. उघडं, सरळ लेगस्पिन. उघडं. उघडं. मिटलं... आणि चेंडू टप्पा पडायच्या आधीच ती मनात म्हणाली, उलटा. उलटाच वळला. फलंदाजांना मोठमोठ्या पडद्यांवर व्हिडिओ बघून शोधावं लागेल ते तिला पायरीवर बसून फुकट मिळालं होतं. तिने ठकीचं टोपडं नीट केलं.

थोड्या वेळाने जाऊ शेजारी येऊन टेकली.

"आजच संघाला एक व्हिडिओ पाठवायचाय. सीझनच्या आधी सगळ्या नव्या खेळाडूंचे ते सोशल मीडियावर टाकणारेत. हे दोन त्यातल्या त्यात बरे आलेत, बघा."

पहिला लांबून घेतलेला होता. त्यात बारक्या चेंडू टाकत होता आणि नवरा टाळ्या वाजवत होता.

"मला हाच आवडलाय. दादापण आलेत ना यात. यांचं म्हणणं, खाली लिहू, मागे दिसतोय तो माझा गुरू."

तिने पाहिलं. मागे दिसत होता तो. ओणवा, विटक्या टीशर्टमध्ये, भावाच्या मागे.

दुसऱ्या व्हिडिओत नुसता बारक्याचा चेहरा होता. धावत जवळ जवळ येणारा. ओठ मिटलेला.

ठकीच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला.

"दुसरा," ती म्हणाली.

"खरंच?"

"चेहरा बघ की किती छान आलाय भाऊजींचा. लोकांना जवळून बघायचं असतं."

"तुम्हाला कळतं बाई," म्हणत जाऊने पाठवून टाकलासुद्धा.

संध्याकाळी चहाच्या वेळी नवऱ्याने तो मोबाइलवर पाहिला. हसला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा हसू गेलं होतं.

"बारक्या! इकडे ये. हे तोंड बघ."

"काय झालं तोंडाला? लग्नाआधीपासून असंच आहे."

"गुगलीला मिटतंय, गाढवा!"

तिघं मोबाइलवर वाकली. ती ठकीला मऊ भात भरवत राहिली.

"माझंच पाप आहे हे," नवरा म्हणाला. "मीच सांगितलेलं, गुगली टाकताना श्वास रोख, मनगट डगमगत नाही. श्वास रोखला की तोंड मिटणारच." मग एकदम थांबून तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझंही मिटत असणार. तरीच इतकी वर्षं नेटमधली पोरं मला एवढी धुतात."



"तुला नाही कधी दिसलं?" त्याने तिला विचारलं.

तिने चमचा वाटीत फिरवला. लग्नानंतर सुरुवातीला ती मैदानावर जायची, पण त्याला कोण कसं वागवतं हेच बघत बसायची. चेंडू टाकताना त्याचा चेहरा कसा होतो, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. हे खरं होतं.

जाऊने घाईघाईने फोन लावून व्हिडिओ परत घ्यायला लावला आणि लांबून घेतलेला पाठवला. उजेड होता तोवर दोघे भाऊ पट्टीवर उतरले.

"बोलत बोलत टाक. तोंड मिटताच कामा नये."

"काय बोलू?"

"बायकोच्या तक्रारी सांग."

"मग ओव्हर संपायची नाही, दादा!"

"ऐकतेय हं मी!" जाऊ ओरडली. ती पायरीवर येऊन बसली आणि हक्काने ठकीला स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. "पण बरं झालं, वहिनी, तुम्ही जवळचाच पाठव म्हणालात. लांबच्यात कुणाला दिसणार होतं? थेट सामन्यातच फजिती झाली असती."

आता चेंडू नवऱ्याच्या हातात होता. तो थांबला.

"जवळचा हिने सांगितला?"

"हो तर. मी दुसराच पाठवत होते."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात आता काहीच नव्हतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तिचं बारीक लक्ष असतं," तो जाऊला म्हणाला.

मग पाठ वळवून तो सुरुवातीच्या खुणेपाशी गेला. तोंडाने काहीबाही बडबडत तो धावत आला, बारक्या हसत सुटला, ठकीने टाळ्या वाजवल्या. चेंडू कुठल्या बाजूला वळला, ते तिने पाहिलं नाही.