नऊ जणींची वैयक्तिक कारणं

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर विद्यापीठाच्या नावापेक्षा बुटांच्या कंपनीचं नाव मोठं आहे. ट्रेडमिल कंपनीची, कॅमेरे कंपनीचे, आणि दर मार्चमध्ये माझं कंत्राट वर्षभरासाठी वाढतं तेही कंपनीच्याच देणगीवर. प्रयोगशाळेचे प्रमुख हाताकेदा सर मात्र येईल त्या पाहुण्याला छाती फुगवून सांगतात, की कंपनीने आजवर आमच्या शोधनिबंधातला एक शब्दही बदलायला लावलेला नाही. खरं आहे ते. सांगावं लागलं असतं तर देणगी कशाला दिली असती?

मी हिरोसे, तिथली सहायक. एकोणीस वर्षं धावपटूंची मापं घेते, फॉर्म भरून घेते, आणि कोणी लंगडायला लागली की तिला गाडीत घालून इस्पितळात नेते. सर निबंध लिहितात. माझं नाव शेवटी, आभारांत, तेही जागा उरली तर.

या वेळचा अभ्यास जाड तळव्याच्या नव्या बुटांचा होता. सेंदाईच्या आसपासच्या तीन विद्यापीठांतल्या बेचाळीस मुली ते घालून सोळा आठवडे धावल्या. वेग वाढतो का, हा एक प्रश्न. हाडांना त्रास होतो का, हा दुसरा. वेग वाढला, ते नाकारणार नाही. पण नऊ मुली मध्येच बाहेर पडल्या, आणि नऊही जणींच्या हाडांना तडे गेले होते. कोणाच्या पावलाला, कोणाच्या मांडीला, कोणाच्या कमरेला. इस्पितळाच्या बाकावर त्यांच्याबरोबर मीच बसले होते, म्हणून मला माहीत.

अभ्यासातून बाहेर पडताना एक फॉर्म भरायचा असतो. त्यात कारणासाठी एकच ओळ. नऊही फॉर्मवर लिहिलेलं होतं, 'वैयक्तिक कारणास्तव'. आमच्याकडे नोकरी सोडा नाहीतर क्लब सोडा, हेच दोन शब्द लिहितात. खरं कारण लिहिणं म्हणजे मागे राहिलेल्यांच्या डोक्याला ताप देणं, आणि तसं करणारा माणूस असभ्य ठरतो.

जूनमध्ये निबंधाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. तेहतीस धावपटूंनी अभ्यास पूर्ण केला, गंभीर दुखापत आढळली नाही, नऊ जणी वैयक्तिक कारणास्तव बाहेर पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले आणि सरांच्या खोलीत शिरले.

तिथे कंपनीचे ओरिता बसलेले. तोक्योहून मिठाईचा खोका घेऊन आले होते. मी त्यांची पर्वा केली नाही. नऊ मोडलेल्या हाडांचं काय केलंत, असं सरांना सरळ विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "हिरोसेबाई, फॉर्म मुलींच्या अक्षरात आहेत. मुली खोटं लिहितात असं छापू का मी?"

इस्पितळाचे कागद आहेत, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, ते कागद वापरायची मंजुरी आपण घेतलेलीच नाही, ते अभ्यासाचा भाग नाहीत. ओरितांनी स्वतःच आणलेली मिठाई तोंडात टाकली आणि म्हणाले, हल्लीच्या मुली पोटभर जेवत नाहीत, हाडं ठिसूळ होणारच. पुढच्या वर्षी मुलींच्या आहारावर अभ्यास घ्या, कंपनी आनंदाने पैसे देईल. नऊ हाडं मोडली तरी या माणसाचं बोट बुटाकडे वळत नव्हतं, मुलींच्या ताटाकडेच जात होतं. मला त्याची किळस आली, आणि सरांची त्याहून जास्त.

निबंध शुक्रवारी नियतकालिकाकडे जायचा होता. नऊपैकी एकीने जरी कारण लेखी दुरुस्त करून दिलं, तर संशोधनावर देखरेख करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीला दखल घ्यावीच लागते. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी तोगाशी मिहानेच्या वसतिगृहावर गेले. मिहाने तिसऱ्या वर्षाची. शरदातल्या रिलेत शेवटचा टप्पा तिचा होता. आता कमरेच्या मागच्या हाडाला तडा, आणि काखेत कुबडी. धावू न शकणाऱ्या मुलीने संघाची कामं करायची, असा तिथला रिवाज, त्यामुळे ती मोरीपाशी उभी राहून सगळ्यांचे भाताचे वाडगे घासत होती.

मी तिला सगळं सांगितलं. सरांबद्दल, ओरितांबद्दल जे तोंडात आलं ते बोलले. मग कोरा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

तिने हात पुसले. "पुन्हा लिहू?"

"खरं कारण लिही. बाकी काही नको."

"पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं, बाई."

तिने कुबडी काखेत सावरली.

"हाड मोडलं, असं लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, आता अपघाताचा अहवाल होईल, तुझ्या प्रशिक्षकांना दारोदार माफी मागावी लागेल. तो कागद फाडलात, दुसरा दिलात. काय लिहायचं तेही तुम्हीच सांगितलंत."

हे मी आतापर्यंत गाळलं. नऊही जणींना मी तेच सांगितलं होतं. पोरींना त्रास नको, इतकंच तेव्हा मनात होतं. शपथेवर सांगते, कंपनीचं नावही डोक्यात आलं नव्हतं. येण्याची गरज नव्हती. हाताकेदा सरांना तरी कुठे कोणी काय सांगितलं होतं?

मिहाने बाकावर जपून बसली आणि लिहू लागली. एका ओळीची जागा, तिने बारीक अक्षरात दोन वाक्यं बसवली. पहिलं, बूट घालून धावताना कमरेचं हाड मोडलं. दुसरं, आधीचा फॉर्म हिरोसेबाईंनी फाडून वेगळं कारण लिहायला लावलं.

"दोन्ही राहतील," ती म्हणाली. "एक खोडायचं असेल तर कागद परत द्या."

कागद घ्यायला माझा हात लवकर पुढे झाला नाही. तोवर ती कुबडी घेऊन पुन्हा मोरीपाशी गेलीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी तो कागद समितीच्या टेबलावर ठेवला. निबंध ठरल्याप्रमाणे दुपारी गेला. दुसरं वाक्य समितीने त्याच दिवशी खरं मानलं आणि संध्याकाळच्या आत माझ्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या. पहिल्या वाक्यावर त्यांचा विचार अजून चालू आहे.