मणक्यावरून सुचलेली इमारत

अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी निवास, असा तिचा वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचा विषय होता. इमारत राहण्याजोगी होती, एवढीच तिच्यात खोट होती. ती कशावरून सुचली, हे काही सांगता येत नव्हतं.

वर्गात तिला फूटपट्टी म्हणत, कारण दिसेल ते ती मोजायची. बाप गवंडी. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. कमरेच्या वरचा तेवढा घरी आला, खालचा नुसता सोबत आला. त्याची कूस बदलताना, त्याला तपासणीला नेता-आणताना जे जे नडलं, ते तिने नकाशात एकेक करून सोडवलं होतं. खिडकी जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे आडव्या माणसाला नुसतं आभाळ नको, रस्ताही दिसावा. मार्गिका आठ फुटी. प्रत्येक वळणावर सात फुटी स्ट्रेचर कुठेही न अडता फिरेल एवढी जागा.

गेल्या वर्षी परीक्षकांनी हे सगळं दोन मिनिटांत पाहिलं आणि विचारलं, "कन्सेप्ट काय?"

"माणसं झोपून असतात," ती म्हणाली.

नापास. यंदाही तसंच झालं, तर नियमाप्रमाणे पटावरून नावच कमी होणार होतं. तिसरी संधी नव्हती.

"अगं, पण प्रेरणा कुठाय?" कन्सेप्ट सर म्हणाले. सरांना खरं नावही होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं.

"गरजेवरून सुचलं, सर."

"गरजेवरून संडास सुचतो. इमारत सुचायला काहीतरी लागतं."

इतरांना ते काहीतरी लागलेलं होतं. एकाचं वाचनालय वाळक्या पानावरून आलं होतं, एकीचं पोहण्याचं केंद्र शंखावरून. तिसऱ्याच्या मासळीबाजाराला माशाचाच आकार होता आणि मालाची गाडी शेपटीतून आत शिरून तोंडाकडे अडकत होती. त्याला गेल्याच आठवड्यात शाबासकी मिळाली होती. वर्गाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. आधी पक्का नकाशा काढायचा, मग निसर्गात त्याच्यासारखं काय दिसतं ते शोधायचं, आणि शेवटी पातळ कागदावर घाईघाईने 'पहिली कच्ची रेखाटनं' काढून त्यांवर चहाचा डाग पाडायचा. आधी प्रेरणा आणि मग नकाशा, असं कुणाचं झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

"तुझ्या त्या पिशवीत काय आहे?" सरांनी विचारलं.

"एक्स-रे. बाबांचा. इथून दवाखान्यात जायचंय."

सरांनी तो खिडकीकडे धरला. मणक्यांची माळ खाली उतरत होती आणि कमरेशी एक मणका चेपून बाहेर सरकला होता. सरांचा चेहरा असा काही उजळला, की तिला वाटलं, आता ते बाबांची चौकशी करणार.

"आणि हे तू माझ्यापासून दोन वर्षं लपवलंस?" सर म्हणाले. "बाई, ही तुझी मार्गिका! पाठीचा कणा. खोल्या म्हणजे बरगड्या. आणि जिथे मणका तुटलाय, तिथे इमारतीनेही तुटायला हवं. अरुंद कर. काटकोनात मोड."

"तिथे स्ट्रेचर वळणार नाही, सर. आठचे चार फूट केले तर—"

"फूटपट्टी ठेव जरा खाली. पास व्हायचंय ना?"

घरी तिने बापाच्या छातीवर दोन्ही नकाशे पसरले. त्याला नकाशे वाचता यायचे. साहेबांच्या चुका सगळ्यात आधी गवंड्यालाच सापडतात.

"हा पहिला झकास आहे," तो म्हणाला. "आणि हे दुसरं काय? गांडूळ?"

"तुमचा कणा आहे, बाबा."

"असं होय. मग वाकडा असणारच."

"नको का करू? तुमचं दुखणं चव्हाट्यावर टांगल्यासारखं वाटतंय."

"दुखणं टांगायला हरकत नाही. तेवढंच ते तरी उभं राहील." मग त्याने दुसऱ्या नकाशावर बोट टेकवलं. "पोरी, मी तीस वर्षं बांधलं. साहेबाला भिंत वाकडी हवी असली, की ओळंबा खिशात घालायचा आणि वाकडी बांधायची. ओळंब्याशी इमान राखणारे गवंडी घरी बसतात."

"तुम्ही पण घरीच आहात की."

"बसलोय कुठे? आडवा आहे," तो म्हणाला. आई दारातून म्हणाली, "बाप तशी लेक. दोघांच्या जिभेला हाड नाही."

तिने मार्गिका मोडली. चहाचे डागही पाडले, दोन ठिकाणी.

परीक्षेच्या दिवशी पांढऱ्या पुठ्ठ्याची प्रतिकृती टेबलावर होती आणि मागे उजेडावर एक्स-रे लावला होता. कोपऱ्यात बापाचं नाव आणि वय छापलेलं. ते झाकायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. दोन परीक्षकांनी माना डोलावल्या. एकाने चष्मा काढून डोळे पुसले.

तिसऱ्या बाई उतारवयाच्या, सरकारी दवाखाने बांधून निवृत्त झालेल्या. त्या प्रतिकृतीवर वाकल्या आणि त्यांनी मार्गिका मोडली होती त्या जागी बोट घातलं.

"इथून स्ट्रेचर कसं वळतं?"

तिला उत्तर येत होतं. त्या खोलीत ते एवढं नेमकं दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. वळत नाही, चार फुटांत सात फूट वळत नाही, वळेल असा नकाशा घरी कपाटामागे गुंडाळून ठेवलाय, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"तोच तर संघर्ष आहे, मॅडम," सर मागून म्हणाले. "इमारत रुग्णाची वेदना जगते."

चष्मेवाले परीक्षक "वा!" म्हणाले. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. सरांकडे त्यांनी पाहिलंच नाही. "तू सांग," त्या म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली. "संघर्ष आहे."

बाईंनी बोट काढून घेतलं आणि काहीतरी लिहिलं. तिला पहिला वर्ग मिळाला. प्रतिकृती कॉलेजच्या प्रवेशदारी काचेत ठेवायचं ठरलं, एक्स-रेसकट.

"कुणी काही विचारलं की नाही?" संध्याकाळी बापाने विचारलं.

"एका बाईंनी. स्ट्रेचर कसं वळतं म्हणून."

"शाबास! एक तरी निघाली. मग?"

"सर म्हणाले, तो संघर्ष आहे. मी म्हटलं, हो."

बाप हसायला लागला. हसताना त्याची छातीच हलायची. मग हसू ओसरलं आणि तो वरच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "आता तू पास झालीस, म्हणून विचारतो. शेवटच्या खोलीतला एखादा गेला, तर त्याला बाहेर काढायचं कसं?"

तिने हिशेब केला. करायला नको होता, पण सवय जात नाही.

"उभा करून," ती म्हणाली. "दोघांनी धरून."

"बरंय की. निदान मेल्यावर तरी माणूस पायावर उभा राहतो तुझ्या इमारतीत."

ती हसली नाही. त्यानेही ती हसावी म्हणून म्हटलं नव्हतं. आई आत आली, घड्याळाकडे बघून म्हणाली, "चल गं, कूस बदलायची वेळ झाली." आईने कंबर धरली, तिने खांदे. बापाचं तोंड भिंतीकडे वळलं आणि पुढचे दोन तास तसंच राहिलं.