एकशे त्रेचाळीसपासून सुरुवात

मी 'पहारेकरी' या चित्रकथा मासिकाचा एकशे त्रेचाळीस नंबरचा अंक बोलतोय. मासिक अजून चालू आहे, सहाशेच्या पुढे गेलंय, आणि जो तो हेच विचारतो की एवढं सगळं वाचायचं तर सुरुवात कुठून करायची. माझ्यापासून करा. आगाऊपणा वाटला तर वाटू दे. कपाटात बावीस वर्षं गप्प बसून काढली आहेत मी, आता मला बोलू द्या.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. त्या दिवशी लाल रंगाचा ठसा जरासा सरकला, त्यामुळे माझ्या नवव्या पानावर खडकच्या ओठांची लाली त्याच्या हनुवटीवर आहे. खडक म्हणजे पहारेकऱ्यांचा म्होरक्या. एकूण सहा जण, सगळे शूर आणि सगळे थोडे भांडखोर. माझ्यात त्यांच्याकडे सातवी येते, कानोसा नावाची मुलगी. तिला शहरभरचं बोलणं ऐकू येतं, पण कोण कुणाचं आणि कोण कुणावर रुसलंय हे काही कळत नाही. मुखपृष्ठावर ती खांद्याला पिशवी लावून दारात उभी आहे आणि आतले सहाही जण तिच्याकडे पाठ करून बसलेत. तिसऱ्या पानावर ती विचारते, "तुम्ही सगळे कोण?" त्यावर खडक मागच्या एकशे बेचाळीस अंकांचा पाढा वाचत नाही. तो म्हणतो, "जेवायला बस. जेवता जेवता सांगतो."

माझा पहिला वाचक मंदार. साताऱ्याच्या स्टँडवर गाडीला उशीर झाला म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला मला घेऊन दिलं. त्या मुलाला पहारेकऱ्यांपैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. गाडी येईपर्यंत त्याने मला दोनदा वाचलं, आणि बाराव्या पानावर लिंबाच्या लोणच्याचा डाग पाडला, तो अजून आहे. पुढच्या महिन्यात त्याने एकशे चव्वेचाळीस घेतला. मग रद्दीच्या दुकानांतून एकशे बेचाळीस, एकशे एक्केचाळीस असा तो मागे मागे जात राहिला. कुणी त्याला अडवलं नाही आणि त्याचं काही बिघडलंही नाही. पुढे मंदार मोठा झाला आणि मी रद्दीत गेलो. त्याचं मला वाईट वाटलं, पण राग नाही आला.

राग आला तो नंतर, कोलकात्यात.

दत्तात्रय सरांनी मला रद्दीतून उचललं. त्यांचं घराणं तीन पिढ्या कोलकात्यातलं. एकेकाळी मराठ्यांना अडवायला ज्या बागबाजारपासून खंदक खणला, त्याच बागबाजारच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे, आणि ही गोष्ट भेटेल त्याला एकदा तरी ऐकवायचे. दर मे महिन्यात पुण्याला जाऊन त्यांनी आमचा एकेक अंक शोधला, सगळा संच जमवला आणि बालीगंजमधल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला देऊन टाकला. इथपर्यंत माणूस देवासारखा. मग त्यांनी कपाटावर पाटी लावली, 'अंक क्रमानेच मिळतील. एका वेळी एक.'

आता हिशेब ऐका. वाचनालय एक रविवार आड उघडतं. दुर्गापूजेची सुट्टी आणि मे महिन्यातली गावची फेरी सोडली तर वर्षाला वीस अंक होतात. इथे 'पहारेकरी' वाचणारी मुलं कोण? बँकेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या साहेबांची, ज्यांची तीन वर्षांनी बदली ठरलेली. म्हणजे साठ अंक झाले की ट्रक दारात. इथेच जन्मलेल्या मुलांचं मराठी तिसऱ्या-चौथ्या अंकातच दमतं, कारण पहिले अंक फार पल्लेदार बोलतात. बावीस वर्षं हे असंच चाललं. एक ते साठ या अंकांच्या चिंध्या झाल्या आणि आम्ही बाकीचे आलो तसेच्या तसे राहिलो. लोक आमच्याकडे बघून म्हणायचे, किती छान जपलेत. जपलेलं कसलं, आम्हाला कुणी हातच लावला नव्हता.

सर्वांत पुढे गेला तो सुयश, एकाहत्तरपर्यंत. त्याच्या वडिलांची बदली सहा महिने लांबली होती म्हणून. एकाहत्तरच्या शेवटी पहारेकऱ्यांतली मेघना खाणीत अडकते आणि पाणी वर चढत असतं. ट्रक भरला त्या दिवशी सुयश धावत अंक परत करायला आला आणि त्याने बहात्तर मागितला. सर म्हणाले, "परत कसा करशील, बाळा?" त्यांनी त्याला पेढा दिला आणि वहीत बरोबरची खूण केली. मुलगा पेढा हातात धरूनच गेला. मी काचेतून बघत होतो. नियमाचा इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

नूपुर आली ती गेल्या वर्षी, जुलैत. अकरा वर्षांची, वडील बँकेत, नागपूरहून गुवाहाटी आणि गुवाहाटीहून इथे, तेही शाळा सुरू होऊन तीन महिने झाल्यावर. सरांनी तिला पहिला अंक दिला. ती मुकाट्याने वाचत राहिली. पूजा जवळ आली तेव्हा ती पाचवर होती.

पूजेच्या आधी सर पुस्तकांना ऊन दाखवतात. इथल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, कसर लागते. मुलांनी आम्हाला गच्चीवर नेऊन जागा मिळेल तसं मांडलं. तीनशे दहाशेजारी अठ्ठावीस, अठ्ठावीसशेजारी मी. त्या एका दिवसापुरता क्रम बिम सगळा उधळला होता. नूपुर माझ्यासमोर थांबली. मुखपृष्ठावरच्या पिशवीवाल्या मुलीकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग मला उचललं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. बावीस वर्षांनी माझी पानं उलटली. मला काय वाटलं ते सांगत नाही, पण पिना करकरल्या एवढं खरं.

सहाव्या पानावर सरांची सावली पडली.

"नूपुर, तुझा कितवा चालू आहे?"

"सहावा घ्यायचाय, काका."

"मग हा मिटून ठेव. मागचं काही माहीत नसताना तुला यातलं काय कळणार?"

"हिलापण काही माहीत नाहीये." तिने कानोसावर बोट ठेवलं. "शाळेत माझंपण असंच होतं. सगळ्या मुली बांगलात बोलतात, हसतात. मला ऐकू येतं, पण कशावर हसल्या ते कळत नाही. मी सुरुवातीपासून कुठे जाऊ, काका? त्यांची सुरुवात नर्सरीत झाली. मी तेव्हा नागपूरला होते."

मला घ्यायला पुढे केलेला हात सरांनी मागे घेतला.

"तुम्ही पहिल्यांदा कितवा वाचला होता?" तिने विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सत्त्याण्णव," ते म्हणाले. "तेव्हा मी सातवीत होतो. मामा पुण्याहून आला, त्याने आणलेल्या चकलीच्या डब्याच्या तळाशी घातलेला होता. तेलकट झालेला. शेवटची चार पानं नव्हतीच."

"मग?"

"मग काय, ती चार पानं मीच रचायचो. रोज वेगळी. फार हळहळ वाटायची. म्हणून तर नियम केला, तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला अर्धवट गोष्ट येऊ नये."

"पण तुम्हाला आवडली होती ना?"

सर खाली, उन्हात पसरलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघत राहिले. त्या तेलकट अंकापायी त्यांनी इतकी वर्षं रद्दी उपसली होती, आणि मग त्याच वाटेवर स्वतः पाटी लावून बसले होते. मला त्यांची दया आली, तरी मी मनातल्या मनात ओरडत होतो की आता तरी हो म्हणा.

ते गुडघ्यावर हात देत तिच्याशेजारी टाकीला टेकून बसले. "वाच," म्हणाले. "अडलं तर विचार."

तिने तीनदा विचारलं. तीनदा सरांनी सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगता सांगता त्यांनाच हसू आलं.

त्या रविवारी नूपुरच्या नावावर वहीत माझा नंबर चढला. पाटी सरांनी काढली नाही. माणसं चूक कबूल करतात तीही आपल्या पद्धतीने. त्यांनी पाटीवर कॅलेंडर टांगलं.

मग त्यांनी कपाटातून बहात्तर काढला, जुन्या वहीतून सुयशच्या आईचा फोन नंबर शोधला, पत्ता विचारला आणि अंक पोस्टाने पाठवून दिला. सुयश आता तिशीचा आहे, नोकरीला आहे. दहा दिवसांनी त्याचा फोन आला. सरांनी इकडची तिकडची चौकशी केली, पण त्याला एकच विचारायचं होतं, त्र्याहत्तर कधी पाठवताय.

आज माझी अवस्था बघण्यासारखी आहे. पिना गंजून गेल्या, सरांनी दोऱ्याने शिवलंय. एक कोपरा दुमडलाय, लोणच्याच्या डागाशेजारी आता रसगुल्ल्याच्या पाकाचाही डाग पडलाय. चौदा जणांनी वाचलंय मला. नूपुर अजून दीड वर्ष इथे आहे आणि ती माझ्यापासून दोन्ही बाजूंना वाचत सुटली आहे. शाळेतल्या एका बंगाली मैत्रिणीला ती माझी चित्रं दाखवून गोष्ट सांगते, आणि ती मैत्रीण तिला वर्गातल्या जुन्या गमती समजावते.

आम्हाला कुणी छान जपलेलं म्हटलं की मला अजूनही चीड येते. मला जपू नका, वाचा. कुणी सांगेल, आधी पहिला वाच, मग दुसरा, तोवर याला हात लावू नकोस. त्याचं ऐकू नका. पहिला अंक मलाही आवडतो, तो कुठे पळून जात नाही. तुम्ही उशिरा आलात, ओळख कुणाचीच नाही, आतले सगळे पाठ करून बसलेत, हे सगळं मला मान्य आहे. पिशवी खाली ठेवा. जेवायला बसा, जेवता जेवता सांगतो.